एका टोकाला हात लावून अख्खा पट हलवता येतो का?

तिरपागडा

गेले काही महिने एकच प्रश्न डोक्यात घोळतोय, तो इथे टाकतो. जाणकारांनी भर घालावी, चुकलो असेन तर कान धरावा.

घरांची एक लांब रांग डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक घरात ० किंवा १. दर ठोक्याला प्रत्येक घर डाव्या-उजव्या शेजाऱ्याकडे बघतं आणि ठरलेल्या नियमाने स्वतःचा आकडा बदलतं, सगळी घरं एकदम. हेच सेल्युलर ऑटोमेटा. १९४० च्या दशकात उलाम आणि फॉन नॉयमन यांनी याचा पाया घातला. फॉन नॉयमनच्या स्वतःची नक्कल काढणाऱ्या यंत्रात तर एकेका घराला २९ अवस्था होत्या. पण आपल्यापैकी बहुतेकांची ओळख झाली ती १९७० च्या कॉनवेच्या 'गेम ऑफ लाइफ'मुळे, आणि तिथूनच एक समजूत पक्की झाली: पट मांडायचा, बटण दाबायचं आणि हाताची घडी घालून बघत बसायचं.

मला बघत बसायचं नाहीये, हात घालायचाय. रानात पसरणारी आग, रस्त्यावरची कोंडी, हृदयाच्या स्नायूतून फिरणारी विजेची लाट, या सगळ्यांत एक साम्य आहे. गोष्ट जागेवर पसरलेली असते, प्रत्येक तुकडा फक्त शेजाऱ्याशी बोलतो, आणि आपला हात पोचतो तो हजारांतल्या दोन-चार तुकड्यांपर्यंत. मग त्या दोन-चारांतून बाकीच्यांना हवं तिथे नेता येतं का? आणि हात ठेवायचा कुठे?

तीनच घरं घेऊ: क, ख, ग. नियम असा की घराचा नवा आकडा म्हणजे दोन्ही शेजाऱ्यांची बेरीज, फक्त १ + १ = ० धरायचे. (अशा शेजारी-नियमांना ० ते २५५ असे क्रमांक दिलेले आहेत; त्या यादीत हा नियम ९०.) ग च्या पलीकडे भिंत, तिचा आकडा कायम ०. क च्या अलीकडे आपण बसलोय. दर ठोक्याला क ला ० किंवा १ पुरवायचा, एवढीच आपली सत्ता. याला बटण म्हणू.

सुरुवात ०००. हवंय १११. मी क्रमाने १, १, ० देतो.

पहिला ठोका: १००
दुसरा ठोका: ११०
तिसरा ठोका: १११

तीन ठोक्यांत काम फत्ते. कागदावर करून बघा, आठही मांडण्या तीन ठोक्यांत गाठता येतात.

आता बटण टोकावरून उचलून मधल्या ख वर लावू, म्हणजे आपण दिलेला आकडा ख च्या बेरजेत मिळवायचा. दोन्ही टोकांना भिंत. वाटतं असं की मध्यावर बसलो म्हणजे सगळ्यांना जवळ पडलो, आता तर आणखी सोपं. पण क चा शेजारी फक्त ख, आणि ग चाही फक्त ख. पहिल्या ठोक्यानंतर क आणि ग कायमचे जुळे होतात. १०० किंवा ००१ या मांडण्या जन्मात येणार नाहीत, कितीही वेळ आणि कसंही बटण दाबा.

मी यावर अडकलो ते इथे. टोकावरचं दूरचं बटण सगळं करू शकतं आणि मध्यावरचं जवळचं बटण करू शकत नाही.

अशा बेरजेच्या नियमांसाठी कसोटी जुनीच आहे, १९६० च्या सुमाराची, नियंत्रणाचं गणित मांडणाऱ्या कालमनची. एका दाबाचा ठसा पहिल्या ठोक्याला कुठे उमटतो, दुसऱ्याला कुठे, तिसऱ्याला कुठे, ते लिहून काढायचं. जितकी घरं तितके ठसे मिळाले आणि त्यातला एकही बाकीच्यांच्या बेरजेतून बनत नसेल, तर पट पूर्ण आपल्या हातात. टोकाच्या बटणाचे ठसे १००, ०१०, १०१. तिन्ही स्वतंत्र. मधल्याचे ०१०, १०१ आणि तिसरा ०००. तिसऱ्या ठोक्याला ठसाच विरून जातो.

वाचनमात्र

एरवी मी नावाप्रमाणेच असतो, पण हे कागदावर करून बघितलं म्हणून लिहितोय. १११ वर पोचलात, ठीक. चौथ्या ठोक्याला काय? माझ्याकडे ख शून्य होतोय, मी काहीही दिलं तरी.

तिरपागडा

नेमकं बोट ठेवलंत. ख चा नवा आकडा म्हणजे क + ग = १ + १ = ०. तिथे आपलं काही चालत नाही. पोचणं वेगळं आणि टिकणं वेगळं.

टिकणाऱ्या मांडण्या शोधल्या तर दोनच निघतात: ००० (आपण ० देत राहायचं) आणि ०११ (आपण १ देत राहायचं). बाकी सहांना भेट देता येते, मुक्काम करता येत नाही. १११ वर फार जीव असेल तर दर तीन ठोक्यांनी फिरून तिथे यायचं, मधल्या दोन ठोक्यांत पट काय करेल ते मुकाट सोसायचं.

लोक 'नियंत्रण' म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा त्यांना मुक्काम हवा असतो, आणि बरीचशी प्रमेयं भेटीची असतात. हा गोंधळ मीही बराच काळ केला.

किरकिरा

रसभंग करतोय, माफी असावी. तीन घरांचं खेळणं छान आहे, पण जागेवर पसरलेल्या प्रणालींच्या नियंत्रणाला कित्येक दशकांची परंपरा आहे आणि ती सगळी आंशिक विकलक समीकरणांवर (जागा आणि वेळ दोन्हींत सलग बदलणाऱ्या गोष्टींच्या समीकरणांवर) उभी आहे. उष्णता, कंप, प्रवाह, सगळ्याचं नियंत्रण तिथे नीट मांडलेलं आहे. मग सलग जगाचे चौकोनी तुकडे करून, त्यात ० आणि १ भरून नेमकं कमावलं काय? शिवाय १ + १ = ० असं कुठल्या आगीत होतं ते कळलं तर बरं.

हिशेबनीस

किरकिरांच्या दुसऱ्या मुद्द्याशी सहमत, पहिल्याशी नाही. का ते सांगतो.

तिरपागडांच्या रांगेत घरं न, बटण डावीकडून ब व्या घरावर, दोन्ही टोकांना भिंत. मग पट पूर्ण ताब्यात येण्याची अट इतकीच: ब आणि न + १ यांचा मसावि १ असावा. बस्स.

तीन घरं म्हणजे न + १ = ४. ब = १ चालतं, ब = ३ चालतं, ब = २ चालत नाही. पाच घरं असतील तर ६ आलं, म्हणजे फक्त दोन टोकं चालतात, मधली तिन्ही जागा बाद. पण चार घरं घ्या. न + १ = ५, अविभाज्य संख्या, मग बटण कुठेही लावा. दुसऱ्या घरावर लावून ठसे काढतो: ०१००, १०१०, ०००१, ००१०. चारही स्वतंत्र. चारांत चालतं आणि एक घर वाढवलं की चालत नाही, ही गोष्ट मला पहिल्यांदा भेटली तेव्हा मी गणित चुकलंय समजून तीनदा तपासलं होतं.

मसावि १ नसेल तर किती हातातून जातं? मसावि वजा १ इतक्या गोष्टी.

आता सलग जग. दोन्ही टोकांना बांधलेली तार घ्या. बरोबर मध्यावर छेडली तर जे कंप मध्यावर स्थिर असतात, म्हणजे सगळे सम क्रमांकाचे, ते उठतच नाहीत. एक तृतीयांशावर छेडली तर तिसरा, सहावा, नववा गप्प. गणित तेच, मसाविचं. तारेचं समीकरण सोडवताना हे ज्या पानावर येतं तिथपर्यंत पोचायला बरीच तयारी लागते. इथे ते चौकटीच्या वहीत एका संध्याकाळी दिसतं. कमावलं काय, तर हे.

किरकिरा

तारेचं मान्य. चांगलं सांगितलंत. माझी आग मात्र अजून विझलेली नाही.

सोंगटी

आगीचं नंतर बघू, मला आधी खेळाचं बोलू द्या. :)

लाइट्स आउट आठवतंय का कुणाला? १९९५ साली आलेलं हातातलं खेळणं, ५ बाय ५ दिवे. एक दाबला की तो आणि त्याचे चार शेजारी उलटतात. सगळे विझवायचे. इथे तर प्रत्येक घराला बटण आहे, २५ घरं आणि २५ बटणं. तरी एकूण ३,३५,५४,४३२ मांडण्यांपैकी फक्त ८३,८८,६०८ विझवता येतात. बरोबर चौथा हिस्सा. कारण बटणांचे असे काही संच आहेत की ते सगळे दाबले तरी पटावर काहीच बदलत नाही. तेवढी बटणं फुकट गेली.

आणि उलट बाजूने गंमत: सगळेच्या सगळे दिवे लागलेले असतील तर ते विझवता येतातच. पट कुठल्याही आकाराचा घ्या, नुसता ठिपके आणि रेघांचा जाळीदार नकाशा घ्या, तरी. झुटनरने हे १९८९ मध्ये सिद्ध केलं. जो प्रश्न सगळ्यात भयंकर दिसतो तो कायम सुटतो आणि एखादा मवाळ दिसणारा दोन दिव्यांचा सुटत नाही.

भट्टीवाला

इथे गणितवाले जमलेत, मी हातोडी-पान्यातला माणूस. पण मधल्या बटणाचं वाचून एक जुनी आठवण निघाली.

लांबट भट्टी होती, आत तापमान सगळीकडे सारखं हवं. मोजायला तापमापक एकच, तोही बरोबर मध्यावर, कारण नकाशावर तिथे तो सुबक दिसत होता. आकडा दिवसभर अगदी ठाम. माल मात्र एका बाजूचा करपलेला, दुसऱ्या बाजूचा कच्चा. एक टोक जितकं जास्त तापायचं तितकंच दुसरं कमी, आणि मधल्याला दोन्हीचा पत्ता नाही. शेवटी तापमापक तिरका, एका बाजूला सरकवला तेव्हा दुखणं कळलं. नकाशा काढणाऱ्याला ते आवडलं नाही.

तुमच्या भाषेत याला काय म्हणतात?

हिशेबनीस

याला दृश्यता म्हणतात, आणि ती नियंत्रणाची जुळी बहीण आहे. या रांगेपुरतं तर कोष्टकच एक आहे: ज्या घरावरून पट हलवता येत नाही, त्या घरावरून तो पूर्ण दिसतही नाही. तिरपागडांच्या तीन घरांत ख वर नजर ठेवून बसलात तर क + ग किती ते कळेल, त्यातला १ कुणाचा ते कधीच कळणार नाही. तुमचा तापमापक नेमका ख वर बसला होता.

तिरपागडा

भट्टीवाले, लाख मोलाचा प्रतिसाद.

किरकिरांच्या आगीकडे येतो. १ + १ = ० हा नियम निसर्गात सहसा भेटत नाही, हे कबूल. तो घेतला कारण त्यात कालमनची कसोटी चालते. आग, वाहतूक, स्नायू यांचे नियम असे सरळ बेरजेचे नसतात. तिथे एक सूत्र टाकून उत्तर येत नाही.

अगदी साधी, टोकाची उदाहरणं बघा. नियम २०४: प्रत्येक घर आपला आकडा आहे तसाच ठेवतं. टोकावर वर्षभर बटण दाबत बसा, दुसऱ्या घराला खबरही लागणार नाही. नियम १७०: प्रत्येक घर उजव्या शेजाऱ्याचा आकडा उचलतं. उजव्या टोकावरून सगळं ताब्यात, डाव्या टोकावरून काहीही नाही. म्हणजे हात कुठे ठेवायचा हे नियमच सांगतो.

मधले नियम अवघड. त्यांच्यासाठी फ्रांको बान्योली, समीरा एल याकुबी आणि सहकाऱ्यांनी एक वाट काढली आहे ती मला आवडते: अख्ख्या पटाचा हट्ट सोडा. आपल्याला हवा तो प्रदेश कुंपण घालून ठरवा आणि फक्त कुंपणावरच्या घरांतून त्याला हव्या मांडणीत आणा. बाहेर काय गोंधळ चाललाय त्याच्याशी देणंघेणं नाही. याला प्रादेशिक नियंत्रण म्हणतात. मग प्रश्न उरतो तो असा की कुंपणावरचा एक आकडा उलटवला तर आतला बदल किती खोलवर पोचतो. काही नियमांत तो हमखास आत शिरतो, काहींत कुंपणापाशीच मरतो.

आणि एक मर्यादा सगळ्यांना सारखी. बातमी एका ठोक्याला एकच घर पुढे सरकते. हवी ती जागा पन्नास घरं आत असेल तर पन्नास ठोक्यांच्या आधी तुम्ही ब्रह्मदेव असलात तरी काही करू शकत नाही.

उंबरठा

आगीवर मी लिहितो, थोडं काम केलंय.

पटावर प्रत्येक घरात झाड आहे किंवा नाही. जळतं झाड शेजारच्या झाडाला पेटवतं. झाडं यदृच्छेने पेरलेली. शेजारी चार धरले तर झाडांचं प्रमाण सुमारे ५९.३ टक्क्यांच्या खाली असताना आग कुठेतरी अडून विझते. त्याच्या वर गेलं की ती पटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत वाट काढते. मधे हळूहळू असं काही नाही, उंबरठा आहे. (नाव त्यावरूनच घेतलंय.) म्हणजे प्रमाण ६१ असेल तर थोडीशी विरळणी जे करते ते ८० वर असताना दहापट मेहनतीने होत नाही.

आता किरकिरांच्या बाजूने एक खडा टाकतो. आग अडवायला झाडं तोडून एक पट्टा काढायचा, एकाच घराच्या जाडीचा, पण तिरपा, कर्णाच्या दिशेने. चार शेजाऱ्यांच्या पटावर तो पट्टा अभेद्य आहे. शेजारी आठ धरा, म्हणजे कोपऱ्यातलेही शेजारी, तर तीच आग त्याच पट्ट्यातून कोपऱ्या-कोपऱ्याने सहज पलीकडे जाते. आठ शेजाऱ्यांत तो वरचा उंबरठाही सुमारे ४०.७ टक्क्यांवर येतो. रान तेच, झाडं तीच. बदललं काय, तर आपण कागदावर शेजार कुणाला म्हटलं ते. मी एकदा असाच तिरपा पट्टा 'सर्वांत किफायतशीर' म्हणून मोठ्या अभिमानाने दाखवला होता. समोरच्याने विचारलं, ठिणगी कोपऱ्यातून उडत नाही का? खाली बसलो.

किरकिरा

हाच तर माझा मुद्दा होता! पटाची शिवण आणि जगाची शिवण वेगळी. पटावरचा कारभारी शिवणीतल्या फटींचा फायदा घेतो आणि आपण त्याला हुशारी समजतो.

उंबरठा

खरंय, पण त्यावर उपायही याच घराण्यात सापडला. प्रवाहासाठी १९७३ मध्ये हार्डी, पोमो आणि द पाझी यांनी चौकोनी जाळीवर कण पळवले. गणित सुंदर, पण पाणी पाण्यासारखं वाहेना, जाळीच्या दिशा त्यात डोकावत राहिल्या. १९८६ मध्ये फ्रिश, हासलाखर आणि पोमो यांनी जाळी षट्कोनी दिशांची केली, आणि मोठ्या अंतरावरून बघितलं की प्रवाहाची ओळखीची समीकरणं निघायला लागली. तुकडे केले म्हणून बिघडलं नव्हतं, चुकीच्या आकाराचे केले म्हणून बिघडलं होतं.

मी आता एक सवय लावून घेतली आहे. पटावर एखादी चांगली युक्ती सापडली की शेजार बदलायचा, जाळी फिरवायची आणि युक्ती टिकते का बघायचं. टिकली तरच तोंड उघडायचं.

आडवाट

वाहतुकीचं कुणी बोललं नाही अजून, म्हणून.

नियम १८४ म्हणजे एकपदरी रस्ता: पुढचं घर रिकामं असेल तर गाडी सरकते, नाहीतर थांबते. अर्धी घरं भरलेली असताना प्रवाह सगळ्यात जास्त, त्यापुढे एकेक गाडी वाढली की प्रवाह कमी. यावरूनच नियंत्रणाचा पहिला धडा मिळतो: रस्त्यावर घेताना अडवा, आत घेऊन अडकवू नका. महामार्गाच्या प्रवेशमार्गावरचे सिग्नल हेच करतात. पापाजॉर्जिऊ आणि सहकाऱ्यांची १९९१ ची पद्धत तर अगदी साधी आहे. प्रवेशाच्या थोडं पुढे रस्ता किती भरलाय ते मोजत राहायचं आणि ठरवलेल्या भरणीपेक्षा जास्त दिसला की आत सोडणं कमी करायचं.

नागेल आणि श्रेकेनबर्ग यांनी १९९२ मध्ये याला वेग आणि माणूसपण दिलं. घर ७.५ मीटरचं, ठोका एका सेकंदाचा, वेग जास्तीत जास्त ५ घरं (ताशी १३५ किमी), आणि मुख्य म्हणजे चालक अधूनमधून विनाकारण थोडा वेग कमी करतो. ते विनाकारण काढून टाकलं तर गाड्या शहाण्यासारख्या पळतात. ठेवलं तर पुरेशी गर्दी असताना सरळ, अडथळा किंवा अपघात नसलेल्या रस्त्यावरही आपोआप कोंडी उगवते आणि मागे मागे सरकत जाते. २००८ मध्ये जपानी संशोधकांनी २३० मीटरच्या गोल रस्त्यावर २२ खऱ्या गाड्या फिरवून ती उगवताना दाखवली.

धाग्याच्या प्रश्नाला जोडून सांगायचं ते पुढे आहे. नंतर अमेरिकेत तशाच गोल रस्त्यावर वीसेक गाड्यांत एक यंत्राने चालवलेली गाडी सोडली. तिने पुढच्या गाडीच्या मागे धावपळ न करता सरासरी वेग धरून ठेवला, वेगाचे चढउतार पुढच्या मोकळ्या जागेला गिळू दिले. लाट विरली. वीसेक गाड्यांतली एकच गाडी म्हणजे आपलं बटण, आणि तेही जागेवर न थांबणारं! बटण हलतं ठेवलं तर तिरपागडांचा 'कुठे ठेवायचं' हा प्रश्नच वेगळा होतो.

तिरपागडा

हलतं बटण! हे डोक्यात आलं नव्हतं. मध्यावरचं बटण एकदा जरी शेजारच्या घरात सरकलं तरी जुळ्यांची जोडी फुटते. बसून करतो.

मागचा बाक

हृदयाचा उल्लेख करून सगळे पुढे गेले. वीनर आणि रोझेनब्लूथ यांनी १९४६ मध्येच स्नायूतल्या लाटेचं गणित मांडलं होतं. १९७८ चं ग्रीनबर्ग-हेस्टिंग्ज प्रारूप तर निव्वळ पटावरचं: घर शांत, उत्तेजित किंवा थकलेलं. शांत घराचा शेजारी उत्तेजित असेल तर तेही उत्तेजित होतं, मग थकतं, मग शांत. यात चकलीसारख्या फिरणाऱ्या लाटा तयार होतात आणि स्वतःहून थांबत नाहीत.

त्यांना आतून टोचून मारता येईल का? मधेच एखादी टोचणी दिली तर नव्या चकल्या जन्मतात त्या जोडीने, एक उजवी आणि एक डावी. उजव्या वजा डाव्या हा हिशेब आत बदलत नाही. तो बदलायचा तर चकली पटाच्या कडेपर्यंत ढकलत न्यावी लागते. नाहीतर एकदम सगळ्या पटालाच एका अवस्थेत आणायचं. विजेचा मोठा झटका देतात तो साधारण हाच दुसरा प्रकार. म्हणजे इथेही सोंगटीताईंच्या दिव्यांसारखं, काहीतरी असं आहे जे बटणाला बधत नाही.

सोंगटी

ताई म्हटल्याबद्दल आभार, आजवर सगळे दादाच म्हणत आले.

बातमी एका ठोक्याला एक घर, यावरून एक कोडं. रांगेतल्या सगळ्या शिपायांनी एकाच क्षणी बार काढायचा. हुकूम फक्त टोकाच्या शिपायाला मिळतो. कुणालाही रांग किती लांब आहे ते माहीत नाही, आणि प्रत्येकाची स्मरणशक्ती चिमूटभर. मायहिलने हे १९५७ मध्ये मांडलं. न शिपायांना कमीत कमी २न − २ ठोके लागतात, कारण हुकूम पलीकडच्या टोकाला जाऊन परत आल्याशिवाय पहिल्याला रांगेची लांबी कळणार कशी? तेवढ्याच ठोक्यांत काम उरकणारी रीतही आहे. माझ्वाएने १९८७ मध्ये ती सहा अवस्थांत बसवली. चारांत होत नाही हे सिद्ध झालंय. पाचांत होतं का, ते अजून कुणालाच सुटलेलं नाही.

युक्ती अशी की दोन वेगांचे निरोप सोडायचे, एक तिप्पट वेगाचा. जलद निरोप भिंतीला आपटून परत येताना संथ निरोपाला बरोबर मध्यावर भेटतो. मध्य सापडला की दोन्ही अर्ध्यांत तेच. इथे बाहेरून कुणी पट चालवत नाही, हुकूमशाही एका ठोक्यापुरती, पुढे सगळं शेजाऱ्या-शेजाऱ्यांत.

वाचनमात्र

दोन दिवस वही घेऊन बसलो होतो. हिशेबनीसांच्या मसाविची परीक्षा घ्यायची म्हणून आठ घरं घेतली आणि बटण तिसऱ्यावर. न + १ = ९, मसावि ३, म्हणजे दोन गोष्टी हातातून जायला हव्यात. पण कोणत्या दोन, हे कुणी सांगितलं नव्हतं. खूप खाडाखोड केल्यावर सापडल्या.

पहिल्या, पाचव्या आणि सातव्या घरांची बेरीज घ्या. दुसऱ्या, चौथ्या आणि आठव्या घरांची बेरीज घ्या. दर ठोक्याला या दोन बेरजा एकमेकींची जागा घेतात. पहिलीची दुसरी होते, दुसरीची पहिली. तिसऱ्या घरावर मी काय दाबतोय याकडे त्या ढुंकूनही बघत नाहीत. सगळी शून्यं घेऊन सुरुवात केली तर दोन्ही कायम शून्य, म्हणून २५६ पैकी ६४ च मांडण्या मिळतात.

मग म्हटलं एका बटणाने भागत नाही तर दुसरं लावू. तिसऱ्यावर एक आहेच, दुसरं सहाव्यावर लावलं, म्हणजे रांगेचे भिंतीपासून भिंतीपर्यंत तीन सारखे भाग पडतात, कुणी दुर्लक्षित नको. सगळा हिशेब पुन्हा केला. अजूनही ६४ च. एकही वाढली नाही. माझं चुकतंय का?

हिशेबनीस

नाही चुकत. ३, ६ आणि ९ तिघांचा मसावि अजून ३ च आहे. तुमच्या दोन्ही बेरजांत सहावं घर कुठे आहे ते शोधा. तिसरं तरी आहे का?

वाचनमात्र

नाही! दोन्हीत नाही.

भट्टीवाला

सहाव्यावरचं काढा आणि एक घर सरकवून सातव्यावर लावा. नकाशात वाकडं दिसेल, दिसू द्या.

वाचनमात्र

लावलं. २५६. आणि तिसऱ्यावरचं काढून टाकलं तरी २५६ च.